‘आयुष्यभराचे’ तेल

गाडीचे तेलपाणी हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की त्यात तेल किती आणि पाणी किती हे कोणी मोजत बसत नाही. प्रवासाच्या आदल्या दिवशी घरातील वडीलधाऱ्यांनी ‘तेलपाणी पाहून घेतलेत ना?’ असे विचारावे आणि गाडी मिस्त्रीकडे जाऊन यावी, हा क्रम दोन पिढ्या चालत आला. आता दारोदारी विजेवर चालणाऱ्या गाड्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा या जोडशब्दातील पहिले पद कायमचे गळून पडले अशी एक सुखद समजूत आमच्या मंडळींत पसरलेली दिसते. पेट्रोल नाही, इंजिन नाही, धूर नाही. मग तेल कशाला? गाडी विकणारा तरुणही हेच सांगतो, आणि तेही इतक्या आत्मविश्वासाने की पुढचा प्रश्न विचारण्याचा आपल्यालाच संकोच वाटावा.

समजूत पुष्कळ अंशी खरी आहे. इंजिनाचे तेल खरोखरच गेले. पेट्रोलच्या मध्यम गाडीत तीन ते चार लिटर तेल असते, ते साधारण दहा हजार किलोमीटरला बदलावे लागते. म्हणजे लाख किलोमीटरांत तीस-चाळीस लिटर तेल गाडीत जाते आणि काळे होऊन बाहेर पडते. विजेच्या गाडीच्या धन्याचा हा खर्च व खटाटोप दोन्ही वाचले. तथापि लिटरभर, फार तर दीड-दोन लिटर तेल तिच्याही पोटात शिल्लक राहिलेच आहे. मोटर आणि चाके यांच्या मध्ये दंतचक्रांची जी पेटी असते, म्हणजे सर्वांच्या परिचयाचा गिअरबॉक्स, तीत ते असते. या महिन्यात त्या लिटरभर तेलाविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे कारण असे की इंदूरमधील आमच्या परिचयाच्या तीन कुटुंबांनी अलीकडे दुसऱ्याने वापरलेल्या विजेच्या गाड्या विकत घेतल्या, आणि या तेलाचा विषय निघताच तिन्ही घरी एकच उत्तर ऐकू आले: ‘ते आयुष्यभराचे असते.’ कोणाच्या आयुष्याचे, हे मात्र एकानेही विचारले नव्हते.

भाषेचा विद्यार्थी म्हणून येथे एक गंमत नोंदविल्यावाचून राहवत नाही. पेट्रोलच्या वाहनाला मराठी माणूस शंभराहून अधिक वर्षे ‘मोटार’ म्हणत आला. वास्तविक तिला ओढणारे इंजिन होते. मोटर म्हणावी अशी वस्तू तीत फार तर गाडी सुरू करण्यापुरती असे. आता खऱ्याखुऱ्या मोटरवर धावणारे वाहन घरात आले, तर त्याला आम्ही ‘ईव्ही’ म्हणू लागलो! असो.

मोटर आहे तर मग दंतचक्रे हवीत कशाला, असा प्रश्न कोणा चौकस वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोप्या त्रैराशिकाने मिळते. सामान्य गाडीच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर असतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे हजार मीटर. तेव्हा चाक मिनिटाला ५०० फेरे घेते. विजेची मोटर मात्र खुशीत असते ती मिनिटाला काही हजार फेरे घेताना. तिची कमाल मर्यादा दहा हजारांच्याही पलीकडे जाते. म्हणून मध्ये दंतचक्रे घालून मोटरचे आठ-नऊ फेरे व्हावेत तेव्हा चाकाचा एक फेरा व्हावा अशी योजना करतात. निस्सान कंपनीची ‘लीफ’ ही गाडी २०१० च्या अखेरीस बाजारात आली. तिच्यात हे प्रमाण ७.९४ ला १ असे होते, तर टेस्लाच्या ‘मॉडेल एस’मध्ये ९.७३ ला १. फेरे जितक्या पटीने कमी होतात तितक्याच पटीने चाकावरचा जोर वाढतो. लहान, हलकी मोटर भरलेली गाडी चढावर ओढून नेते ती याच्या बळावर. पेट्रोलच्या गाडीतील पाच-सहा टप्प्यांचे गिअर येथे नसतात, टप्पा एकच असतो. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने २०१९ साली आणलेल्या ‘टायकान’मध्ये मागच्या आसापाशी दोन टप्पे दिले, पण तसे अपवाद थोडे.

दंतचक्रांशिवाय विजेची गाडी करून पाहिलेलीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तरुण फर्डिनांड पोर्शे यांची जी गाडी मांडली होती तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यांतच मोटरी बसविल्या होत्या. ना दंतचक्र, ना साखळी. परंतु असा जोर थेट चाकाला द्यायचा तर मोटर मोठी व वजनदार करावी लागते, आणि चाकातच एवढे वजन अडकले की प्रत्येक खड्ड्याचा दणका त्या वजनानिशी बसतो. आमच्या रस्त्यांवर त्याचे काय झाले असते ते सांगायला नको. त्यापेक्षा चिमुकली मोटर, दंतचक्रांची पेटी आणि तीत लिटरभर तेल, हा सौदा जगाने पत्करला आहे.

आता त्या तेलावर पडणारे काम पाहा. लाख किलोमीटर अंतरात चाकाचे पाच कोटी फेरे होतात. आठाच्या हिशेबाने मोटरचे चाळीस कोटी. या प्रत्येक फेऱ्यात पोलादाचा दाता पोलादाच्या दात्यावर घासून पुढे सरकतो, आणि दोहोंच्या मध्ये असतो तो केसाहूनही कितीतरी पातळ असा तेलाचा थर. तो थर टिकला तर दाते वर्षानुवर्षे चकचकीत राहतात. तो फाटला की पोलादाला पोलाद भिडते. शिवाय विजेच्या गाडीत एक गोष्ट अधिकची घडते. इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याने जाताना भेरूघाट उतरू लागले की ब्रेकवर पाय न ठेवताही गाडी आपोआप आवरली जाते आणि बॅटरीत वीज परत जमा होते. अशा वेळी मोटर चाकांना ओढीत नसते, चाकेच मोटरला फिरवीत असतात. म्हणजे दात्याची जी बाजू चढावर भार सोसत होती तिची उलटी बाजू उतारावर सोसते. शहरातील रहदारीत तर दर दोन मिनिटांनी ही अदलाबदल चालू असते. तेलाला कोणत्याच बाजूला विश्रांती नाही.

एवढे असूनही हे तेल इंजिनाच्या तेलाहून कितीतरी अधिक टिकते, आणि त्याला सबळ कारण आहे. इंजिनाच्या तेलात जळणाची काजळी उतरते, पेट्रोल झिरपते, ज्वालेची आच लागते. येथे यांपैकी काही नाही. बंद पेटी, बेताची उष्णता आणि आत फक्त दंतचक्रे. घरच्या शिवणयंत्राचे उदाहरण घ्या. त्यात घातलेले तेल ‘जळत’ नाही, तरीपण वर्षभराने यंत्र जड चालू लागते आणि जुन्या तेलाचा काळपट गाळ बाहेर येतो. गिअरबॉक्सात तेच घडते, फक्त सावकाशीने. नव्या गाडीचे दाते पहिल्या काही हजार किलोमीटरांत एकमेकांना ‘बसतात’. बसताना त्यांचा पिठासारखा सूक्ष्म चुरा तेलात उतरतो. तेल काळे दिसते ते पुष्कळदा याच चुऱ्यामुळे. हा चुरा पकडावा म्हणून काही गाड्यांत खालच्या बुचाला लोहचुंबक असतो, काहींत नसतो. टेस्लाच्या २०१७ पासूनच्या ‘मॉडेल ३’मध्ये तेल फिरविणारा पंप व तेल गाळणारा फिल्टर दोन्ही आहेत, कारण तेच तेल मोटरला थंडही ठेवते. जेथे ना फिल्टर ना चुंबक, तेथे पहिल्या दिवशीचा चुरा शेवटच्या दिवसापर्यंत बेअरिंगांतून फिरत राहतो.

आता ‘आयुष्यभर’ या शब्दाकडे वळू. वाहनउद्योगात हा शब्द फार प्रिय आहे. ग्राहकाला तो ऐकायला गोड वाटतो, आणि देखभालीचा खर्च कागदोपत्री कमी दिसल्याने कंपनीलाही सोयीचा. त्यात लबाडीच असते असे आम्ही म्हणत नाही. कारखान्यातील अभियंत्याने गाडीचे एक कल्पित आयुष्य धरलेले असते, आणि त्या अवधीत तेल पुरेल असा त्याचा प्रामाणिक हिशेब असतो. परंतु त्याच्या मनातील आयुष्य आणि आमच्या घरातील आयुष्य ही दोन वेगळी असतात. भारतात विजेच्या गाडीच्या बॅटरीला बहुधा ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी भरेल तोवर हमी मिळते. आमच्याकडे गाडी आठ वर्षांनी भंगारात जात नाही. ती मेहुण्याकडे जाते, तेथून पुतण्याकडे, आणि तिसऱ्या घरीही तिला हळदकुंकू वाहून नारळ फोडला जातो. तेलाचे आयुष्य नेमके कोणत्या घरी संपले, हे मग कोणी सांगावे?

बरे, सगळेच उत्पादक ‘कधीच बदलू नका’ म्हणतात असेही नाही. टेस्लाने ‘मॉडेल ३’साठी या तेलाची ठरावीक मुदत सांगितलेली नाही. उलट ह्युंदाईच्या ‘कोना’ गाडीसाठी, जी भारतात जुलै २०१९ मध्ये आली, परदेशी बाजारांतील पुस्तिकेत दोन वेगळे हिशेब दिलेले आढळतात: साधारण वापरात तेलाची वेळोवेळी नुसती तपासणी, आणि खडतर वापरात दर १,२०,००० किलोमीटरला बदल. ‘खडतर’ या शब्दाने वाचकांच्या डोळ्यांपुढे लडाखचे घाट उभे राहतील. पण अशा पुस्तिकांत खडतर वापराची जी यादी असते ती एकदा शांतपणे वाचावी. वारंवार लहान अंतराच्या खेपा, धुळीचे रस्ते, खडबडीत वा डोंगराळ वाट, टॅक्सीसारखा वापर, आणि ३२ अंशांहून अधिक उष्णतेत वाहनांच्या गर्दीतून जाणे! मे महिन्यात आमच्या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि राजवाड्याकडून निघालेली गाडी गर्दीतून बाहेर पडते कधी, हे निघताना सांगता येत नाही. युरोपातील गृहस्थाला जे खडतर, ते आम्हाला नित्याचे. त्या यादीच्या हिशेबाने हिंदुस्थानातील साधारण वापराची गाडी शोधायला निघालो तर ती एखाद्या वाहनविक्रेत्याच्या काचेआडच सापडेल.

वर उल्लेखिलेल्या तीन कुटुंबांपैकी एकाची हकीकत सांगतो, कारण तिच्यात कामाचे पुष्कळ आहे. गृहस्थ नुकतेच सेवानिवृत्त झालेले. कन्या रोज इंदूरहून पीथमपूरला कारखान्यात नोकरीस जाते. जाऊन-येऊन साठ किलोमीटरांच्या आसपास. बसची दगदग आणि रात्रीच्या पाळीची काळजी म्हणून त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतील रकमेतून तिच्यासाठी पाच वर्षे वापरलेली विजेची गाडी घेतली. काट्यावर आकडा होता ९२,०००. हमीची तीन वर्षे उरलेली. आम्ही सहज हिशेब मांडला: वर्षाला सतरा-अठरा हजार किलोमीटर धरले तरी तीन वर्षांअखेर आकडा दीड लाखाच्या आत राहतो. म्हणजे किलोमीटर संपण्याआधी वर्षे संपतील, आणि त्या दिवसापासून गाडीच्या पोटात जे बिघडेल ते या घराच्या खर्चाने. अनेक नव्या गाड्यांत मोटर, तिचे नियंत्रण करणारे यंत्र आणि दंतचक्रांची पेटी ही तिन्ही एकाच कवचात जोडलेली असतात. आतले एक बेअरिंग गेले की पुष्कळ ठिकाणी ते बेअरिंग न बदलता संपूर्ण जोडणीच बदलण्याचा सल्ला मिळतो. निवृत्त माणसाने तो आकडा ऐकू नये.

कन्या वडिलांपेक्षा शहाणी. तिने पुस्तिका काढून खडतर वापराचा रकाना वाचला, आणि गाडी अधिकृत कार्यशाळेत नेली. तेथील तरुणाने नेहमीचे उत्तर दिले की, ‘ताई, यात तेल बदलत नाहीत.’ तिने पुस्तिकेचे पान त्याच्यापुढे ठेवले. तो आत गेला, वरिष्ठांना विचारून आला, आणि दोन दिवसांनंतरची वेळ दिली. त्या दिवशी वडिलांच्या आग्रहावरून आम्हीही बरोबर गेलो होतो. निघालेले तेल काजळासारखे काळे होते. खालच्या बुचावरच्या चुंबकाला राखाडी लेप चिकटला होता, पण बोटांत चोळून पाहता तो मऊ लागला. कण हाताला टोचत नव्हते. हे चांगले लक्षण. मात्र निघालेले तेल मापात घेतले तेव्हा ते पुस्तिकेतील मापाहून जवळजवळ पाव लिटरने कमी भरले. शोध घेता डाव्या चाकाकडे जाणाऱ्या आसाच्या मुळाशी सील झिरपत असल्याचे दिसले. धुळीचा चिकट थर जमल्याने वरवर काही कळत नव्हते. हमी चालू असल्याने सील विनामूल्य बदलून मिळाले. ‘तेल आयुष्यभराचे’ म्हणून स्वस्थ बसले असते, तर तीन वर्षांत त्या पेटीत किती तेल उरले असते याचा विचार त्या गृहस्थांनी आमच्यासमोर बोलून दाखविला नाही. पण घरी परतताना ते बराच वेळ गप्प होते.

काम प्रत्यक्षात कसे चालते ते आम्ही जवळून पाहिले, ते वाचकांसाठी सविस्तर लिहितो. प्रत्येकाने घरी करावे म्हणून नव्हे, तर समोर काम चालू असताना काय पाहावे हे कळावे म्हणून. प्रथम गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणली, म्हणजे तेल कोमट होऊन पातळ झाले आणि तळचा गाळ त्यात मिसळला. मग ती लिफ्टवर अगदी सपाट उचलली. गाडी एका बाजूला कललेली असेल तर तेलाची पातळी खोटी दिसते. म्हणून नुसता पुढचा जॅक लावून हे काम करू पाहणाऱ्याला तेथेच थांबवावे, आणि केवळ जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणी शिरत असेल तर त्याला हात धरून बाहेर ओढावे. गाडी पूर्ण बंद केली आणि चावी दूर टेबलावर ठेवली. विजेची गाडी ‘चालू’ असूनही आवाज करीत नाही, हे क्षणभरही विसरून चालत नाही. खालचे प्लास्टिकचे आवरण काढल्यावर जाड नारिंगी तारा दिसू लागल्या. त्यांत तीनशे ते चारशे व्होल्टचा दाब असतो. तेलाच्या कामात त्यांना हात लावण्याचे काहीच प्रयोजन नाही, आणि लावूही नये.

पेटीला दोन बुचे असतात. वरचे भरण्याचे, खालचे रिकामे करण्याचे. आमच्या मिस्त्रीने आधी वरचे बूच सैल केले. आम्ही कारण विचारता तो हसून म्हणाला, “मास्तरसाहेब, खालचे उघडून तेल सांडले आणि मग वरचे गंजून बसलेले निघाले, तर गाडी घरी कशी जायची?” आम्ही या धंद्यातील अनेक युक्त्या ऐकल्या आहेत, पण इतकी साधी व इतकी मोलाची दुसरी ऐकली नाही. गाडी कोणतीही असो, गिअरबॉक्सचे तेल काढताना आधी भरण्याचे बूच उघडते का ते पाहावे. आणखी एक सावधगिरी त्याने सांगितली. त्याच भागात मोटर थंड ठेवणाऱ्या द्रवाचेही बूच असते. दिसायला सारखेच. ते चुकून उघडले की हिरवा किंवा गुलाबी द्रव वाहू लागतो आणि पाच मिनिटांच्या कामाचे पाच तास होतात.

तेल पूर्ण निथळू दिले. दोन्ही बुचांचे जुने वॉशर फेकून नवे घातले. हे वॉशर मऊ धातूचे असून एकदाच दबण्यासाठी असतात. बूच टॉर्क पान्याने नेमलेल्या जोरापर्यंतच आवळले. पेटी ॲल्युमिनियमची असते. पहिलवानी दाखविली तर आटे जातात. मग हातपंपाने नवे तेल वरच्या भोकातून भरीत गेले, आणि भोकाच्या काठावरून तेलाची बारीक धार ओघळू लागली तेव्हा थांबले. काही गाड्यांत पातळी अशी भोकाने ठरते, तर काहींत पुस्तिकेत दिलेले माप मोजून घालावे लागते. प्रेमाने चार थेंब जास्त घालण्याची आमची स्वयंपाकघरातील रीत येथे उपयोगाची नाही. पातळी वाढली की दंतचक्रे तेल घुसळतात, फेस होतो, फेसाचा थर दात्यांना वाचवीत नाही, आणि उष्णतेने सीलांवरचा दाब वाढतो. सारे काम तासाभरात आटोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली जुना कागद घालून पाहिला. तो कोरडा होता.

तेल कोणते, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तेथे आमच्या बाजारातील उदारपणा अंगाशी येण्याचा संभव मोठा. ‘गिअर ऑइल ते गिअर ऑइल’ म्हणून दुकानदार ट्रकच्या मागच्या आसाचे दाट तेल पुढे करील. विजेच्या गाडीतील दंतचक्रे फार वेगाने फिरतात. त्यांना पातळ तेल लागते. लीफमध्ये तर स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत घालतात त्या जातीचे तेल आहे. तेल खूप दाट असले की मोटरची ताकद ते घुसळण्यातच जाते आणि एका भरणीत मिळणारे अंतर घटते. दुसरी गोष्ट याहून गंभीर. ज्या गाड्यांत तेच तेल मोटरच्या तांब्याच्या वेटोळ्यांवरून खेळते, तेथे तेलाने वीज वाहू देता कामा नये आणि तांब्याला खाता कामा नये. जड गाड्यांच्या तेलात दात्यांच्या रक्षणासाठी गंधकाची जी द्रव्ये मिसळलेली असतात ती उष्णतेत तांब्याला बाधतात. आजींच्या तांब्याच्या घंगाळाला काळे डाग कशाने पडत हे ज्यांना आठवते त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. म्हणून डब्यावरील किंमत वाचण्याआधी पुस्तिकेतील तेलाचे नाव व प्रत वाचावी आणि नेमके तेच आणावे.

पावसाळ्याविषयी दोन शब्द. बंद पेटी म्हणून तिच्यात पाणी शिरतच नाही असे नाही. आतली हवा गरम झाली की फुगते, तिला बाहेर पडण्यासाठी वर एक बारीक नळी ठेवलेली असते. चालून तापलेली गाडी गुडघाभर पाण्यात शिरली की पेटी एकाएकी थंड होते, आतली हवा आकसते, आणि जेथून हवा बाहेर गेली तेथूनच ती पुन्हा आत ओढली जाते. त्या नळीचे तोंड त्या वेळी पाण्याखाली असले तर हवेऐवजी पाणी. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते. ज्यांची गाडी तुंबलेल्या पाण्यात बराच वेळ उभी होती किंवा चालविली गेली, त्यांनी किलोमीटरचा आकडा न पाहता तेल तपासून घ्यावे. येथे मुदतीची वाट पाहणे म्हणजे बेअरिंगांना गंज चढू देणे होय. तसेच, विजेच्या गाडीत इंजिनाचा गोंगाट नसल्याने पेटीतील आवाज कानाला लवकर कळतो. वेगाबरोबर चढणारी-उतरणारी नवी घरघर ऐकू आली तर रेडिओचा आवाज वाढवून ती झाकू नये.

आता हे काम करणाऱ्या माणसाविषयी. आमच्या वस्तीतील गल्लीच्या तोंडाशी ज्याचे दुकान आहे त्या मिस्त्रीची निम्मी कमाई इंजिनाच्या तेलावर चालत आली. विजेच्या गाड्या वाढल्या तशी ती आटत चालली, आणि नारिंगी तारांच्या भयाने तो त्या गाड्यांना हात लावीत नाही. त्याचे भय योग्य आहे. पण त्याच दुकानापुढे रोज सकाळी ई-रिक्षा उभ्या राहतात. त्यांच्या मागच्या आसावर मोटर व दंतचक्रांची पेटीच असते, विजेचा दाब कमी असतो, आणि पेटीतील तेल संपून आवाज करू लागलेल्या रिक्षा तो हसतखेळत दुरुस्त करतो. रिक्षावाल्याची दिवसाची मिळकतच त्या पेटीवर, म्हणून तो ‘आयुष्यभराचे’ वगैरे न ऐकता वेळच्या वेळी तेल पाहून घेतो. ज्या हातांना ई-रिक्षाची पेटी कळते त्यांना गाडीची पेटी शिकविणे अवघड नाही. वीज तोडण्याची शिस्त, हातमोजे, टॉर्क पाना आणि योग्य तेलाची माहिती एवढे हवे. आमच्याकडील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गल्लीतील जुन्या मिस्त्र्यांसाठी चार संध्याकाळचे वर्ग घेतले, तर पोरांच्या प्रवेशांइतकेच ते पुण्याचे काम होईल, असे आम्हाला वाटते.

निघालेल्या काळ्या तेलाचे काय करावे हेही सांगितले पाहिजे. ते गटारात ओतणे किंवा कुंपणाच्या लाकडाला फासणे या जुन्या खोडी आता सोडाव्यात. वापरलेले तेल हा घातक कचरा आहे, आणि केंद्र सरकारने २०२३ साली नियमांत दुरुस्ती करून ते परत गोळा करून शुद्ध करविण्याची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर टाकली आहे. ज्या कार्यशाळेत तेल बदलाल तेथे जुन्या तेलाचे पिंप कोठे ठेवता, एवढे विचारायला हरकत नाही. इंदूरसारख्या स्वच्छतेचा अभिमान मिरविणाऱ्या शहरात तर तो प्रश्न विचारणे शोभूनही दिसते.

आणि पावती मागून घ्यावी. तीवर तारीख, काट्यावरचा आकडा, तेलाचे पूर्ण नाव व घातलेले माप, आणि निघालेल्या जुन्या तेलाचेही माप लिहून घ्यावे. हमीच्या काळात ती पावती भांडणात उपयोगी पडते. पुढे गाडी विकली तर नोंदणीच्या कागदांबरोबर तीही नव्या मालकाच्या हाती द्यावी.